कोल्ड स्टोअरेजमधून चांगले निघालेले फळ चार दिवसांत का बिघडते?

पुणे जिल्ह्याच्या फळबाजारात बागवान बिरादरीचा हात पिढ्यान् पिढ्या आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील गाळे असोत, पुणे बाजार समितीचा मोशीचा उपबाजार असो, पिंपरीची मंडई असो की चाकणचा बाजार, फळांची आडत, किरकोळ विक्री आणि हातगाडी या तिन्ही ठिकाणी आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. परंतु २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोकसंख्या नोंदवलेल्या पिंपरी-चिंचवड शहराला रोज फळही लागते आणि ते पुरविणाऱ्यांत आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे आहेत. म्हणूनच या पानावर आज आम्ही एका अशा नुकसानीचा विषय घेत आहोत, जे खिशाला दरवर्षी चाट लावते पण ज्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते.

नुकसान असे होते. व्यापारी उन्हाळ्यात पीच, आलुबुखारा किंवा कच्चा आंबा स्वस्तात घेतो आणि भाव चढेपर्यंत कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवतो. दोन-तीन आठवड्यांनी माल बाहेर काढतो तेव्हा फळ टणक असते, सालीला तकाकी असते, कुजका वास नसतो. माल किरकोळवाल्यांकडे जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तक्रारी सुरू होतात. पीच चिरला तर गर कोरडा, कापसासारखा, आठळीजवळ तपकिरी. आलुबुखारा आतून काळपट आणि चिकट. आंब्याच्या सालीवर करडे डाग, आंबा पिकतो म्हणावे तर रंग येत नाही आणि रंग आला तर वास येत नाही. गिऱ्हाईक किरकोळवाल्यावर चिडते, किरकोळवाला व्यापाऱ्यावर, व्यापारी कोल्ड स्टोअरेजच्या मालकावर. मालक म्हणतो, मी तर थंडी एक दिवसही बंद पडू दिली नाही.

गंमत अशी की मालकाचे म्हणणे बहुधा खरे असते. थंडी बंद पडली म्हणून फळ बिघडलेले नसते. त्या फळाला न मानवणारी थंडी अखंड चालू राहिली म्हणून ते बिघडलेले असते.

बटाट्याची खोली, फळाचा माल

आपल्या देशातील शीतगृहांची बहुतांश क्षमता बटाट्यासाठी उभी राहिली आहे. चाकणचा बाजार तर कांदा-बटाट्यासाठीच नावाजलेला. खेड, आंबेगाव, जुन्नर तालुक्यांत बटाटा पिकतो. कांद्याला चाळ लागते, शीतगृह नाही. बटाट्याला, विशेषतः बियाण्याच्या बटाट्याला, शीतगृह लागते. बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याची खोली साधारण २ ते ४ अंश सेल्सिअसवर चालवितात. बटाट्यासाठी हे तापमान योग्य आहे.

आता अशा खोलीच्या एका कोपऱ्यात कोणी पीचचे ५० क्रेट ठेवले तर काय होईल? साधा विचार असा की ४ अंश म्हणजे चांगली थंडी, फळ टिकणारच. इथेच घात होतो. पीचसारख्या फळांवर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने पुष्कळ संशोधन केले आहे. त्याचा निष्कर्ष असा की पीच, आलुबुखारा आणि तत्सम फळांना सर्वांत जास्त इजा सुमारे २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात होते. शून्य अंशाजवळ ठेवलेले फळ ५ अंशांत ठेवलेल्या फळापेक्षा अधिक दिवस चांगले राहते. म्हणजे थंडी कमी केली तर इजा वाढते. ऐकायला उलटे वाटते, पण प्रत्यक्षात असेच आहे. ५ अंशांच्या आसपास नाजूक जातीचा पीच एक-दोन आठवड्यांतच आतून बिघडू लागतो. तोच माल शून्य अंशाजवळ ठेवला तर जातीनुसार तीन-चार आठवडे निभावतो.

थोडक्यात, बटाट्याची खोली पीचसाठी जितकी वाईट असू शकते तितकी वाईट आहे. सर्व प्रकारच्या फळांसाठी मिळून जी एक सामाईक खोली ४-५ अंशांवर चालविली जाते, तिचीही तीच गत. सफरचंदाला तिथे फारशी इजा होत नाही, द्राक्षाला होत नाही, म्हणून खोली चांगली असे समजून आपण आठळीची फळेही तिथेच टाकतो. घरच्या फ्रीजचे तापमानही साधारण ४ अंशांच्या आसपास असते, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. पीच किंवा आलुबुखारा कच्चा असताना फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावा, मग थंड करून दोन-चार दिवसांत खावा.

फळाच्या आत काय घडते

व्यापाऱ्याला रसायनशास्त्राशी काय घेणे, असे कोणी म्हणेल. परंतु कारण समजले तर उपाय आपोआप समजतो, म्हणून दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते.

फळ झाडावरून उतरविल्यावरही जिवंत असते, श्वास घेते. त्याचा गर एकत्र धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो त्याला पेक्टिन म्हणतात. फळ पिकताना निरनिराळी विकरे हे पेक्टिन क्रमाक्रमाने तोडतात, त्यामुळे फळ मऊ होते आणि रस सुटतो. अयोग्य थंडीत यांपैकी काही विकरांचे काम चालू राहते आणि काहींचे थंडावते. क्रम बिघडतो. अर्धवट तुटलेले पेक्टिन मग रसाला जेलीसारखे बांधून ठेवते. म्हणून खराब पीच कोरडा लागतो. त्यातला रस उडून गेलेला नसतो, आत बांधला गेलेला असतो. वजनकाट्यावर फळ पूर्ण भरते, हाताला भरीव लागते, फक्त तोंडात गेल्यावर फसवते.

दुसरी इजा पेशींच्या पातळ पडद्यांना होते. ते पडदे थंडीने दुबळे होतात आणि गळू लागतात. आतील द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि चिरलेले वांगे जसे हवेत काळे पडते तसा गर आतल्या आत तपकिरी होतो. आलुबुखाऱ्यात व जर्दाळूत गर चिकट होऊन बसतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे सारे थंड खोलीत असताना पुरते दिसत नाही. इजा खोलीत होते, पण उघड होते फळ बाहेर येऊन पिकू लागल्यावर. त्यामुळे ज्याच्या हातात इजा झाली त्याला ती दिसत नाही आणि ज्याला दिसते तो बहुधा साखळीतील सर्वांत लहान माणूस असतो. हातगाडीवाला किंवा गिऱ्हाईक.

आंबाही आठळीचाच, पण त्याचा हिशेब निराळा

आपल्याकडे पीच-आलुबुखारा बाहेरून येतो. पंजाबचा पीच एप्रिल-मेपासून, हिमाचलातील सिरमौर जिल्ह्याच्या राजगढ भागातील व उत्तराखंडातील पीच त्यानंतर, कुलूचा आलुबुखारा जून-जुलैत. हिवाळ्याच्या अखेरीस चिलीचा आलुबुखारा महिन्याहून अधिक काळ समुद्रात काढून येतो. परंतु आपल्या मातीतील खरे आठळीचे फळ म्हणजे आंबा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आंब्याची कोय आणि पीचची आठळी एकाच प्रकारात मोडतात.

मात्र थंडीच्या बाबतीत आंबा अगदी वेगळा आहे. तो उष्ण प्रदेशाचा. कच्च्या हापूसला १२-१३ अंशांखालची थंडी सोसत नाही. पीचला २ ते ८ अंश वाईट आणि शून्य चांगले, तर कच्च्या आंब्याला शून्य वाईट, ४ वाईट, ८ देखील वाईट. अशा थंडीत काही दिवस राहिलेल्या आंब्याच्या सालीवर भाजल्यासारखे करडे डाग पडतात, बारीक खळगे पडतात, फळ एका अंगाने पिकते आणि दुसऱ्या अंगाने कच्चे राहते. सुगंध, जो हापूसचा प्राण, तो तयारच होत नाही. १३ अंशांच्या आसपास आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत तयार कच्चा आंबा दोन ते तीन आठवडे बऱ्या स्थितीत राहतो. पिकलेला आंबा मात्र थोडे दिवस ८-१० अंशांची थंडी सोसतो.

परदेशी आंबा पाठविणाऱ्यांना हा धडा केव्हाच मिळाला आहे. आंब्याचा कंटेनर १३ अंशांच्या आसपासच चालवावा लागतो. २०२२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला पाठविण्यात आला. इतके दिवसांचा प्रवास करूनही फळ विकण्याजोगे राहावे, याचा अर्धा भाग तापमानाच्या शिस्तीतच आहे. तीच शिस्त जुन्नर किंवा कोकणातून चाकण-पिंपरीला येणाऱ्या आंब्याला मात्र आपण लावत नाही.

इथे एक धोका आणखी आहे. थंडीचा मार बसलेला आंबा आढीत घातला तरी नीट पिकत नाही. मग लवकर रंग यावा म्हणून कार्बाइडच्या पुड्या ठेवण्याचा मोह होतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांतही ती कायम आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात, ते शरीराला घातक. कायद्याने मान्य असलेला मार्ग इथिलीन वायूचा आहे. २०१६ मध्ये त्याची मर्यादा दशलक्षांत १०० भाग इतकी ठरविण्यात आली. तरीही हे ध्यानात ठेवावे की थंडीने मारलेल्या आंब्याला इथिलीनही जीव देऊ शकत नाही. साल पिवळी होईल, चव येणार नाही.

साका आणि थंडीचा मार यांत घोटाळा नको

आंब्याच्या व्यापारात आतून खराब निघालेल्या प्रत्येक फळाला साका म्हणण्याची सवय आहे. हे बरोबर नाही. साका हा हापूसचा झाडावरच सुरू होणारा दोष आहे. कोयीजवळचा गर पांढरट-फिकट, स्पंजासारखा, आंबूस होतो आणि बाहेरून काही कळत नाही. शीतगृहाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट थंडीच्या माराची खूण बहुधा सालीपासून सुरू होते. करडे डाग, खळगे, असमान पिकणे.

हा फरक वादाच्या वेळी फार उपयोगी पडतो. कोयीजवळ साका निघाला आणि साल स्वच्छ असेल तर कोल्ड स्टोअरेजच्या मालकाकडे भरपाई मागणे अन्यायाचे होईल. साल करडी पडली असेल आणि बागेतून थेट आलेला त्याच लॉटचा माल चांगला निघाला असेल, तर संशय थंडीवर घ्यावा. न्याय मागणाऱ्यानेही अगोदर न्याय करावा लागतो.

नुकसान किती आणि कोणाचे

एक साधा हिशेब मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका व्यापाऱ्याने ८०० रुपये दराने १०० पेट्या घेतल्या. माल झाला ८० हजारांचा. भाडे, हमाली, वाहतूक मिळून ५ हजार. एकूण ८५ हजार गुंतले. पेटी ९४० रुपयांना जाईल अशी आशा, म्हणजे विक्री ९४ हजार आणि नफा ९ हजार. आता यातल्या ३० पेट्या थंडीने बिघडून निघाल्या आणि ३०० रुपयांनी काढाव्या लागल्या. ७० पेट्यांचे ६५,८०० आणि ३० पेट्यांचे ९ हजार, एकूण ७४,८०० रुपये. नफा तर गेलाच, वर १०,२०० रुपयांची तूट. पुढच्या फेरीचा पूर्ण नफा घातला तरी ही तूट भरून निघत नाही.

आपल्या समाजातील पुष्कळ छोटे व्यापारी व्याजाचे कर्ज टाळतात. भावाभावांची भागीदारी, सासुरवाडीकडून घेतलेले कर्ज-ए-हसना, कधी घरातील स्त्रीचे दागिने, असे भांडवल असते. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. असे भांडवल बुडाले तर नाती बिघडतात. दोन हंगाम असे गेले की गाळा सोडून हातगाडीवर आणि हातगाडी सोडून कारखान्याच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाण्याची वेळ येते. म्हणून चार अंशांचा हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

पावतीवर तापमान का लिहून घ्यावे

पूर्वी शीतगृहे सरकारी आदेशाखाली चालत. १९६४ चा शीतगृह आदेश आणि नंतरचा १९८० चा आदेश यांत परवाना घ्यावा लागे. १९९७ मध्ये केंद्र सरकारने तो आदेश रद्द केला. त्यानंतर अनुदानाच्या योजना आल्या, खासगी शीतगृहे वाढली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्यामुळे माल ठेवणारा आणि ठेवून घेणारा यांच्यात काय ठरले आहे, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले.

कायदा काय म्हणतो ते पाहू. दुसऱ्याचा माल सांभाळण्यासाठी घेणे हा १८७२ च्या भारतीय करार कायद्याखालील व्यवहार आहे. त्याच्या कलम १५१ प्रमाणे माल ठेवून घेणाऱ्याने त्या मालाची तितकी काळजी घ्यावी जितकी सामान्य समजदार माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल. कलम १५२ सांगते की वेगळा करार नसेल आणि त्याने ती काळजी घेतली असेल, तर तो नुकसानीस जबाबदार नाही.

यातील 'वेगळा करार' हे शब्द कळीचे आहेत. आपल्या पावतीवर बहुधा एवढेच असते: अमुक क्रेट फळ, अमुक तारखेस जमा. मालकाने नेहमीप्रमाणे खोली ४ अंशांवर चालविली, वीज गेली तेव्हा जनरेटर लावला, तर त्याने काळजी घेतली नाही असे सिद्ध करणे अवघड. मात्र पावतीवर 'कच्चा हापूस, तापमान १२ ते १४ अंश' किंवा 'पीच, शून्य ते १ अंश' असे लिहिलेले असेल आणि खोलीची नोंदवही वेगळे दाखवीत असेल, तर दावा उभा राहतो. मालकाच्याही हे हिताचेच आहे. जे ठरले ते त्याने पाळले असेल तर खोट्या दाव्यापासून तीच पावती त्याला वाचविते. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनात सूरह बकरामध्ये आलेला आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. उधारीच्या व्यवहाराबद्दलचा हा हुकूम आहे, परंतु त्यातील शहाणपण इथेही तितकेच लागू पडते.

व्यापाऱ्याने काय करावे

पहिली गोष्ट, स्वतःचा थर्मामीटर घ्यावा. सुई असलेला साधा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. खोलीच्या दारावरचा आकडा हवेचा असतो, फळाचा नव्हे. उन्हात आलेले क्रेट दाटीने रचले तर मधल्या क्रेटमधील फळ थंड व्हायला पुष्कळ वेळ लागतो. सुई फळात खुपसून गराचे तापमान पाहावे.

दुसरी गोष्ट, कोणते फळ कुठे हे मनाशी पक्के असावे. पीच, आलुबुखारा, जर्दाळू यांना शून्य अंशाजवळची खोली, ती नसेल तर ठेवूच नये, लवकर विकावे. चेरीला थंडीची इजा होत नाही, ती शून्याजवळ खुशाल ठेवावी. तिला मार लागतो तो हाताळणीचा. कच्चा आंबा १३ अंशांच्या खोलीत, ती नसेल तर आढीत. सफरचंद इथिलीन वायू सोडते, त्याच्या शेजारी ही फळे ठेवली तर लवकर पिकतात. कांद्याच्या शेजारी ठेवू नये, वास धरतो.

तिसरी गोष्ट, नमुना तपासणी. माल ठेवल्यानंतर दर आठवड्याला दहा फळे बाहेर काढावीत. लगेच चिरू नयेत. दोन-तीन दिवस दुकानात उघडी ठेवून मऊ होऊ द्यावीत आणि मग चिरावीत. दहांपैकी एक-दोन फळांत कोरडेपणा किंवा तपकिरी छटा दिसू लागली की भावाची वाट न पाहता सगळा लॉट काढावा. बाजार चढेल म्हणून थांबणारा माणूस चढलेल्या भावात खराब माल विकायला बसतो. दहा फळांची किंमत ती काय? शंभर पेट्यांचा विमा तेवढ्यात होतो.

चौथी गोष्ट, वीज. आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीज कंपनीची देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. जनरेटर आहे का, तो किती वेळ चालतो, हे माल ठेवण्यापूर्वी विचारावे. शून्यावरचे फळ वरचेवर ५-६ अंशांपर्यंत चढत-उतरत राहिले तर ते इजेच्या पट्ट्यातच वावरते.

पाचवी गोष्ट, बाहेर काढताना घाई नको. जून-जुलैच्या दमट हवेत थंड फळ उघड्यावर आणले की त्यावर पाणी सुटते. त्या ओलीवर बुरशी धरते. क्रेट झाकून, सावलीत, हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावेत.

कॅलिफोर्नियात आणखी एक रीत रूढ आहे. पीच थंड करण्यापूर्वी एक-दोन दिवस २० अंशांच्या आसपास ठेवून किंचित पिकू देतात, मग झटपट शून्यावर नेतात. त्यामुळे पिकण्याची यंत्रणा चालू राहते आणि कोरडेपणा कमी येतो. आपल्या उन्हाळ्यात मोकळ्या शेडमध्ये २० अंश मिळत नाहीत, हे विसरून ही नक्कल करू नये. शिवाय हिमाचलचा माल दिल्लीमार्गे आपल्यापर्यंत येतो तेव्हा दिल्लीपासूनच त्याने दीड हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास केलेला असतो. तो वाटेत किती तापला, किती गारठला, हे आपल्याला कळत नाही. अशा मालाला फार दिवस साठविण्याचा विचारच सोडावा.

ज्यांना हे शास्त्र हाताने शिकायचे आहे त्यांना लांब जाण्याची गरज नाही. चाकण-तळेगाव रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेगाव दाभाडे येथे राज्य कृषी पणन मंडळाची काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे. शेतकऱ्यांची मुले तिथे जातात. बागवानांच्या मुलांनीही जावे. या पट्ट्यातील आपली किती तरी मुले आयटीआयमधून फ्रीज-एसीचे काम शिकून कारखान्यांत लागली आहेत. फळ ओळखणारा बाप आणि यंत्र ओळखणारा मुलगा एकत्र आले, तर १३ अंशांची एक छोटी खोली पाच-सहा व्यापाऱ्यांच्या भागीदारीत उभी करणे अशक्य नाही. आज नेमकी तीच खोली आपल्याकडे कमी पडते.

ऐब सांगून विका

एवढी काळजी घेऊनही कधी माल बिघडतो. तेव्हा काय करायचे? सहीह मुस्लिममधील हदीस आपल्याला परिचित आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता पावसाचे कारण सांगतो. प्रेषित (स.) त्याला विचारतात की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसविणारा आपला नव्हे असे बजावतात. थंडीने मारलेला पीच म्हणजे आतून ओला ढीगच आहे. वरून सुंदर, आत दोष.

दोष फोडल्यावरच कळतो अशा वस्तूंचा विचार आपल्या फकीहांनीही केलेला आहे. हनफी ग्रंथांत अंडे, टरबूज, अक्रोड यांची उदाहरणे येतात. फोडल्यावर वस्तू पूर्ण निकामी निघाली तर किंमत परत, काही उपयोगाची निघाली तर दोषाइतकी रक्कम परत. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. पण तत्त्व स्पष्ट आहे: न दिसणाऱ्या ऐबाचे ओझे अजाण गिऱ्हाइकावर टाकता येत नाही.

यात व्यापाऱ्याचे दिवाळे निघते असेही नाही. कोरडा पडलेला पीच कुजलेला नसेल तर खाण्यास अपायकारक नसतो, फक्त बेचव असतो. असा माल वेगळा काढावा, दोष सांगावा आणि मुरंबा, जाम, चटणी करणाऱ्यांना कमी भावाने द्यावा. आलुबुखाऱ्याची चटणी तर आपल्या दावतीत चालतेच. नमुना तपासणीमुळे दोष लवकर कळला असेल तर हे करायला वेळही मिळतो. उशिरा कळला तर फक्त लपविणे उरते, आणि तिथेच माणूस घसरतो.

२०१७ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनमध्ये आला होता, ऐन आंब्याच्या आणि आलुबुखाऱ्याच्या दिवसांत. आता तो हिवाळ्याकडे सरकला आहे आणि इफ्तारच्या दस्तरखानावर परदेशी आलुबुखारा दिसतो, जो बंदरात उतरण्यापूर्वीच महिन्याहून जास्त थंडीत राहिलेला असतो. त्याला इथे आणखी दोन आठवडे ४ अंशांत ठेवून भावाची वाट पाहणे म्हणजे रोजेदाराच्या हातात कोरडे फळ देणे होय. येत्या हंगामात माल ठेवण्यापूर्वी आमच्या व्यापारी बांधवांनी फक्त दोन प्रश्न विचारावेत: खोली किती अंशांची आणि माझे फळ किती अंशांचे? दोन्ही उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. रोजीत बरकत अल्लाह देतो, पण थर्मामीटर आपल्यालाच पाहावा लागतो.